पाखरांखाली पुसलेला आवाज

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. खांद्याला अडकवायचा, कातडी पिशवीतला, पुढे पाच बटणे आणि त्यातले एक लाल. तुमच्यातल्या पुष्कळांनी माझ्यासारखा कुणी पाहिलाही नसेल. कॅसेट घातली की माझ्या पोटातली दोन चाके फिरतात आणि एका चाकावरची टेप दुसऱ्यावर गुंडाळली जाते, एवढेच माझे काम. पण त्या कामाचा एके काळी मला फार ताठा होता. त्या ताठ्यापायी माझ्या हातून जे झाले, ते आज तुम्हाला सांगायचे आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. लांबलचक टेबलापाशी ओळीने बसलेल्या बायकांनी माझे स्क्रू पिळले, तारा जोडल्या. शेवटच्या बाईने माझ्यात तोंड घालून कंटाळलेल्या आवाजात ‘एक, दोन, तीन’ म्हटले, ते ऐकले आणि मला खोक्यात बंद केले. मग मी दुकानाच्या काचेमागे बसलो. येणारे-जाणारे माझ्यावर गाणी वाजवून पाहत. मला वाटले, आपले आयुष्य आता लग्नघरात आणि वाढदिवसांत मजेत जाणार.

पण मला नेले एका शिंप्याने. सगळे त्यांना मास्तर म्हणत. त्यांच्या दुकानात दोन शिलाई मशिने होती, एक त्यांचे आणि एक त्यांच्या बायकोचे. गिऱ्हाइके तिला वहिनी म्हणत, म्हणून मीही वहिनीच म्हणतो. आठवड्याचे सहा दिवस त्या दोन मशिनांचा असा काही खडखडाट चाले की नवरा-बायकोला एकमेकांचे बोलणे ऐकू येत नसे. कात्री हवी असली की बोटांनी कात्री करून दाखवायची, चहा हवा असला की अंगठा तोंडाशी न्यायचा. सातव्या दिवशी दुकान बंद असे. त्या दिवशी मास्तरांना हवी असे शांतता, आणि त्या शांततेत बोलणारी पाखरे.

मास्तर काही शिकलेले पक्षितज्ज्ञ नव्हते. पण एकदा ऐकलेला आवाज ते विसरत नसत. उजाडायच्या आत ते गावाबाहेरच्या तळ्यावर निघत. खांद्याला मी, हातात मायक्रोफोन. मागे त्यांची लेक, तिच्या गळ्यात कॅमेरा. त्या कॅमेऱ्याचे आणि माझे कधी पटले नाही. खंड्या पाण्यात सूर मारतानाचा एक फोटो काय निघाला, त्याचे नाक वर्षभर खाली आले नाही. लेकीच्या मागे डबा आणि चहाचा थर्मास घेऊन वहिनी. वहिनींना पाखरांचे वेड नव्हते. त्या का येत, हे मला तेव्हा कळत नसे, आणि मास्तरांनाही कळत नव्हते असे आता वाटते.

माझ्या मायक्रोफोनला वारा लागू नये म्हणून वहिनींनीच एका कोटाच्या उरलेल्या केसाळ कापडाची टोपी शिवली होती. इतकी सुबक की तिच्यात शिरायची वाऱ्याची छाती नव्हती. पण वाऱ्यापेक्षा मला जास्त त्रास वहिनींचाच होता. चंडोल गायला लागला की यांना शिंक यायची. पाणकोंबडी लव्हाळ्यातून बाहेर आली की यांच्या हातून डब्याचे झाकण निसटायचे. मास्तर वळून ओठांवर बोट ठेवत. वहिनी पदर तोंडाला लावून गप्प बसत, आणि पाच मिनिटांनी पुन्हा काहीतरी कुजबुजत. मला त्यांचा मनस्वी राग यायचा.

बिघडलेल्या कॅसेटवर मास्तर शिंप्याच्या खडूने फुली मारत. खडूचे बरे असते, फुंकर मारली की जातो. पुढच्या खेपेला ती फुली पुसायची, कॅसेट पुन्हा सुरुवातीला आणायची आणि लाल बटण दाबायचे. माझ्या आत एक डोके आहे, नवा आवाज भरण्याआधी जुना साफ करणारे. वहिनींची शिंक, वहिनींचे ‘अहो, हा कोणता?’, वहिनींचे आपल्याशीच हसणे, सगळे मी त्या डोक्याखालून नेले आणि त्यावर सुतारपक्ष्याची टकटक भरली, हळद्याची शीळ भरली. नीट टिपलेल्या कॅसेटवर मग मास्तर शाईने तारीख, जागा आणि पाखराचे नाव लिहीत. अशा एकेचाळीस कॅसेटी झाल्या.

एकदा एका प्राध्यापकांनी त्यातल्या काही मागून नेल्या आणि मोठ्या सभागृहात वाजवल्या. मी टेबलावर होतो. लोक डोळे मिटून ऐकत होते. शेवटी प्राध्यापक म्हणाले की इतके स्वच्छ ध्वनिमुद्रण त्यांनी कधी ऐकले नव्हते, जणू त्या तळ्यावर माणूस नावाचा प्राणीच नव्हता. टाळ्यांचा कडकडाट झाला. मास्तरांच्या अंगावर मूठभर मांस चढले, माझ्या तर बटणभर जास्तच चढले. वहिनी शेवटच्या रांगेत बसून सगळ्यांपेक्षा मोठ्याने टाळ्या वाजवत होत्या.

पुढच्याच वर्षी वहिनी गेल्या. ताप आला, चार दिवस राहिला आणि त्यांना घेऊनच उतरला. दुकानात एकच मशीन चालू राहिले. मास्तर त्यानंतर तळ्यावर गेले नाहीत. लेक लग्न होऊन दूरच्या शहरात गेली, जाताना कॅमेरा घेऊन गेली. माझी रवानगी कपाटावर झाली, कापडाच्या तुकड्यांच्या गठ्ठ्यामागे. माझ्या आतला रबरी पट्टा वितळून चिकट झाला. मायक्रोफोनच्या टोपीला कसर लागली. एवढी वर्षे कुणी माझ्याकडे ढुंकून पाहिले नाही. मित्रांनो, अडगळीत पडलेल्या वस्तूला विचार करायला वेळच वेळ असतो. मला ती स्वच्छ पाखरे आठवत नसत. मला आठवे ती शिंक.

मग एका सुट्टीत लेक माहेरी आली. दुपारी बापलेक वहिनींचे फोटो पाहत बसली होती. फोटो ढीगभर होते. कॅमेऱ्याने वहिनींना कधी पुसले नव्हते, हे त्याचे मोठेपण मला मान्य करावे लागते. लेक बराच वेळ एका फोटोकडे बघत राहिली.

‘‘बाबा, आईचा आवाज कसा होता, तो मला आठवेनासा झालाय.’’

मास्तरांनी तो फोटो आपल्याकडे ओढून घेतला. पाखरांचा आवाज एकदा ऐकून न विसरणारा माणूस तो. त्यांनाही आठवत नव्हता.

लेकीनेच मला खाली काढले. जुने रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्याने नवा पट्टा घातला आणि लाल बटणाला चुकूनही हात लावू नका असे तीनदा बजावले. मास्तर म्हणत होते की उगाच त्रास नको, माझ्या टेपांत माणूस नाही, तेच तर कौतुक झाले होते त्यांचे. तरी लेक एकेक कॅसेट लावत गेली. मास्तरांना प्रत्येक पाखरू पाठ. शेवटची शीळ संपली की त्यांचे बोट आपोआप बंद करायच्या बटणावर जाई. मित्रांनो, माझा जीव वरखाली होत होता. मला ठाऊक होते, पण सांगायला मला तोंड कुठे आहे? मी फक्त दुसऱ्याचेच बोलू शकतो.

दोन दिवसांत तीस कॅसेटी झाल्या. लेकीने विचारले, बिघडलेल्या कॅसेटींचे काय करायचात? मास्तर म्हणाले, त्यांच्यावरच तर पुन्हा भरायचो.

‘‘सगळीच्या सगळी भरायचात?’’

मास्तरांचा हात मांडीवर थांबला. मग तो सवयीने वीत टाकू लागला, कापड मोजावे तसा. पाखरू मिनिटभर गाते, फार तर दोन. वहिनींनी बिघडवलेले त्याहून लांब असेल तर?

‘‘एक मीटर कापडावर पाऊण मीटरचं काम केलं,’’ ते हळूच म्हणाले, ‘‘तर पाव मीटर राहतंच की गं.’’

त्यांनी कॅसेटी पुन्हा पहिल्यापासून लावल्या. या वेळी शीळ संपली तरी कुणी बटणाला हात लावला नाही. नुसती खरखर ऐकत दोघे बसली. दुकानाबाहेर एक गिऱ्हाईक पँटसाठी हाका मारून निघून गेले. चौथ्या कॅसेटीत एक शिंक निघाली, आणि लेक हसता हसता रडायला लागली. नंतर बराच वेळ काही नाही. सोळाव्या कॅसेटीत हळद्या गाऊन संपला, खट्ट आवाज झाला, आणि खालून जुना वारा आला. पाणी आले. कुणीतरी थर्मासचे झाकण फिरवले. आणि मग वहिनी बोलल्या, अगदी जवळून, घाबरत घाबरत.

‘‘अहो, पाखरू गेलं ना? बोलू का आता? किती दिवसांपासून एक सांगायचंय तुम्हाला.’’

आणि त्यावर तरण्या मास्तरांचा आवाज: ‘‘थांब जरा.’’

पुढे टेप कोरी होती. तेव्हा मास्तरांनी मला तिथेच बंद केले होते. वहिनींना काय सांगायचे होते ते मला कळले नाही, कारण त्या वेळी मी ऐकत नव्हतो. त्यांनी नंतर कधी सांगितले का, असे लेकीने विचारले. मास्तरांनी मानेनेच नाही म्हटले.

लेकीने तो आवाज आपल्या फोनमध्ये घेतला. शेवटचे दोन शब्द काढून टाकता येतील, असे ती म्हणाली. मास्तर म्हणाले, ‘‘नको. मीच म्हटलंय ते.’’

मित्रांनो, तुम्ही जरूर पाखरांचे फोटो काढा, त्यांचे आवाज भरा, पहाटे उठा, दम धरून बसा. तुमची यंत्रे माझ्यापेक्षा शंभर पटींनी शहाणी आहेत, त्यांना नीट जपा. पण मागे डबा घेऊन बसलेले कुणी ‘बोलू का’ असे विचारत असेल, तर यंत्र चालू ठेवा आणि त्यांच्याकडे वळा. पाखरू बिघडू द्या. उद्या दुसरे येईल.

मी आता कपाटावर नसतो, मशिनाशेजारी असतो. दुकान उघडण्याआधी मास्तर मला रोज एकदा चालू करतात. वहिनी विचारतात, बोलू का आता? माझ्यातले मास्तर म्हणतात, थांब जरा. आणि त्याच वेळी समोरचे म्हातारे मास्तर म्हणतात, ‘‘बोल.’’