कोणाचे हे बोंबील?

हेमांगीने फोनवरच्या जाहिरातीतला ‘ताजे’ हा शब्द चौथ्यांदा पुसला. सुके बोंबील ताजे कसे म्हणायचे?

वर्सोव्याच्या वाळूत रविवारची सकाळ तापायला लागली होती. तिची सासू मंजुळा ओले बोंबील जबड्यात जबडा अडकवून, जोडीजोडीने मासे वाळवायच्या वलांडीच्या दोरीवर टाकत होती. विक्रीसाठी उघडलेल्या ‘कोस्टल डिलाइट’ या ऑनलाइन पानावर हेमांगीच्या तीन पोस्ट टाकून झाल्या, पण एकाही माणसाने विचारलं नव्हतं. आजही कोणी विचारलं नाही, तर मंजुळा चाळीस वर्षांची ही वलांडी शेजाऱ्यांना देऊन टाकणार होती.

“वाच बगू.”

हेमांगीने भरभर वाचलं, “त्वरा करा! अजिबात वास नाही, वाळू नाही, किडे नाहीत…”

मंजुळाचा हात दोरीवरच थांबला.

“जेवायला बोलावतेस का हाकलतेस गो?”

“लोकांना तीच शंका असते, आई.”

“कोन लोकांना? इतकी वर्सं बाजारात बसले, किड्याचं नाव नाय काढलं. तू आपनच त्यांच्या ताटात टाकतेस.”

“मग काय लिहू?”

मंजुळाने बाजारातला सूर लावला. “घे गो बाय! निखाऱ्यावर टाक, वासानं शेजारीन वाटी घेऊन येल!”

हेमांगीला हसू फुटलं. ती टाइप करू लागली. ‘वासानं’पाशी मात्र बोट अडलं. रोज ऑफिसच्या बसमध्ये चढण्याआधी ती ओढणीचं टोक हुंगून बघायची. आत्ताही तिने ते नाकाशी नेलं. मंजुळाने ते पाहिलं आणि उगीचच दोरीची गाठ आवळली.

“आनि नाव? कोनाचे हे बोंबील?”

“कोस्टल डिलाइट. वर असतंच की.”

“कोन ती? मी नाय वळखत तिला.”

 हेमांगी वाळूत चार पावलं गेली, परत आली. मग शेवटी तिने ‘वासानं’ही टाइप केलं आणि खाली लिहिलं, ‘मंजुळाबाई आणि सून हेमांगी, वर्सोवा गाव.’ पोस्ट पानावर टाकली. मग डोळे मिटून ऑफिसच्या ग्रुपवरही.

“गेलं?”

“गेलं.”

तिने फोन उघडला, बंद केला, पुन्हा उघडला. ओढणीखाली झाकल्यासारखा तळहातात दाबून धरला. तेवढ्यात तो थरथरला. ऑफिसात तिच्या बाजूच्या खुर्चीवर बसणारी तेजल.

‘ही हेमांगी म्हणजे तू?? दोन वर्षांत कधी हे सांगितलं नाहीस! अर्धा किलो ठेव माझ्यासाठी.’

“कोनी इचारलं काय गो?” मंजुळाने पाठमोरीच विचारलं. आवाज सहज होता, पण हातातली जोडी दोरीवर चढत नव्हती.

“विचारलं.”

हेमांगीने तेजलला ‘हो, मीच’ लिहिलं.  मग तिने खाली आणखी एक ओळ जोडली, ‘पाठवत नाही. घरी ये घ्यायला.’