तीन म्हणताना

तिने लाकडी पट्टीने जिभेचं टोक वर उचलून धरलं, दात जवळ आणले आणि आरशात बघत जोरात हवा सोडली. हनुवटीवर थुंकी उडाली. जे बाहेर पडलं ते ना 'र' होतं, ना 'श'. घोड्याने नाक शिंकरावं तसं काहीतरी. पट्टी कचऱ्याच्या डब्यात फेकून, तोंड पुसत ती वळली, तर दारात तिच्याकडे उपचाराला येणारे हेडमास्तर उभे.

त्यांच्यामागे फाइल घेऊन त्यांची सून होती.

"सॉरी मॅडम, आम्ही जरा लवकर आलो. दार उघडंच होतं."

"या, सर. बसा," ती म्हणाली. तिचे कान तापले होते.

रुग्णालयातल्या या खोलीत ती लग्नाच्याही आधीपासून लोकांना बोलायला शिकवत होती. बोबडी मुलं यायची, तोतरे तरुण यायचे, पक्षाघाताने जीभ जड झालेली माणसं यायची. आणि आता तिची स्वतःची जीभ अडली होती. नवरा वर्षापूर्वी परदेशी, चेक लोकांच्या देशात, बसच्या कारखान्यात नोकरीला गेला होता, थोड्याच दिवसांत तिलाही जायचं होतं. म्हणून ती तिथली चेक भाषा शिकत होती. "चेक काय शिकायचा? मागे सही केली की झालं," असं बिलाच्या खिडकीवरचा कारकून म्हणाला होता आणि स्वतःच पोटभर हसला होता.

सुरुवात झकास झाली होती. त्या भाषेतला एक 'च' आपल्या चमच्यातला निघाला, दुसरा चिमणीतला. अक्षरावर रेघ दिसली की स्वर लांबवायचा, एवढं तर पहिलीतल्या मुलालाही जमेल. महिन्याभरात बोलायला लागू, असं तिला वाटलं. मग आकडे आले. येदेन, द्वा, आणि तिसऱ्यालाच गाडी रुतली. त्या शब्दात डोक्यावर उलटी टोपी घातलेला एक 'र' होता. तो थरथरवायचा आणि त्याच श्वासात 'श'सारखी घासलेली हवाही सोडायची; एकामागून एक नव्हे, एकदम. जीभ कुठे टेकते, हवा कुठून निसटते, हे ती कुणालाही आकृती काढून समजावू शकली असती. तिच्या जिभेला मात्र आकृती कळत नव्हती.

"म्हणा सर, रस्ता."

"ल... त्ता."

"छान! पुन्हा."

"लत्ता."

"छान."

हेडमास्तरांनी डावा हात टेबलावर आपटला. उजवा मांडीवर निपचित पडून होता.

"खो... टं," ते म्हणाले.

"बाबा!" सून ओशाळली. "रागावू नका हं मॅडम, घरीसुद्धा यांचं असंच चाललेलं असतं."

"असू दे."

पण ते काही असू देता येईना. दुपारभर तो शब्द तिच्या डोक्यात कुरतडत राहिला. 'छान' हा तिच्या तोंडातला शब्द होता, श्वासासारखा. त्याला आजवर कुणी खोटं म्हटलं नव्हतं.

संध्याकाळी मोबाइलच्या पडद्यावर नवरा आला. रोजच्यासारखा खुशीत.

"हं, म्हण बघू तीन."

"त्रशी."

"छान!"

"खरंच?"

"अगदी इथल्यासारखं."

शिकवणीची रेकॉर्डिंग तिने इतक्या वेळा ऐकली होती की आपल्या तोंडून काय निघतंय हे कळायला तिला दुसऱ्याची गरज नव्हती.

"आणि ऐक ना," तो म्हणाला, "तुझ्या नोकरीचंही बघून ठेवलंय. आमच्या शेजारीच काचेच्या वस्तू पॅक करायचा कारखाना आहे. कागद गुंडाळायचा, खोक्यात ठेवायचं, चिकटपट्टी मारायची, संपलं. कुणाशी बोलायची गरजच नाही."

"बोलायची गरज नाही?"

"एक शब्द नाही! म्हणून तर विचारून आलो."

"अरे, मी माणसांना बोलायला लावते. तेच माझं काम आहे."

"आहेत ना इथेही तशा बायका. इथल्या पोरांनासुद्धा ते अक्षर लवकर येत नाही, मग त्यांना ते शिकवायला तशाच एखाद्या बाईकडे..." तो मध्येच थांबला.

"गॅसवर बटाटे ठेवलेत," ती म्हणाली आणि फोन बंद केला. गॅसवर काहीही नव्हतं. तिने कोरडी कढई उगाच घासून टाकली.

पुढच्या खेपेला हेडमास्तर आले ते भिंतीकडे तोंड करूनच बसले. सुनेने खुर्ची सरळ केली.

"म्हणा सर, रस्ता," ती म्हणाली.

"लत्ता."

"नाही आलं, सर."

सुनेने चमकून वर पाहिलं.

"'ल' आला. तुमची जीभ टेकते आणि तिथेच बसून राहते. ती सुटली पाहिजे."

हेडमास्तरांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. वर्गात एखादा नवा मास्तर पाठवल्यावर पाहावं, तसं. मग त्यांनी तोंड उघडलं. ती नाही म्हणाली. ते पुन्हा म्हणाले, ती पुन्हा नाही म्हणाली. त्यांच्या कपाळावर घाम आला. सुनेने पाण्याची बाटली पुढे केली, ती त्यांनी कोपराने बाजूला सारली. तास संपता संपता त्यांच्या ओठांतून असं काही निघालं, ज्यात 'ल' थोडा खरखरला होता.

"हां. हा अर्धा आला."

ते हसले नाहीत. डाव्या हाताचं बोट आधी तिच्याकडे, मग आरशाकडे करत त्यांनी विचारलं, "तु... म्ही?"

तिला टाळता आलं असतं. तिने खुर्चीत सरळ बसून तो चेक 'तीन' म्हटला. हेडमास्तरांनी डोकं कलतं करून ऐकला. त्यांना ती भाषा येत नव्हती, पण शब्द फसला हे त्यांना कळलं.

"ना... ही."

"माहीत आहे मला!" तिचा आवाज चढला. सून फाइलच्या दोऱ्याशी चाळा करू लागली. "माहीत आहे, सर," ती मग हळू आवाजात म्हणाली आणि पुढच्या वेळेचा तक्ता शोधायला लागली.

रविवारी नवऱ्याचा फोन आला.

"हं, म्हण."

"त्रशी."

"छान!"

"खोटं बोलू नकोस."

"अगं, खरंच—"

"माझं कामच कानाचं आहे. मला ऐकू येतं. तू म्हणून दाखव."

"मी?"

"वर्ष झालं तुला तिथे. म्हण."

त्याने चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसायला घेतला. "नेट अडकतंय बहुतेक."

"अडकत नाहीये. तुझ्यामागे पडदा हलतोय, तो दिसतोय मला."

तो म्हणाला. साधा, कोरडा 'त्री'. त्यात उलट्या टोपीचा मागमूस नव्हता. तिचा तर निदान थुंकी उडण्यापर्यंत पोचला होता.

"मलाही येत नाही," तो म्हणाला.

"मग दुकानात वगैरे काय करतोस?"

"दोन घेतो. नाहीतर पाच."

"काय?"

"पाव गं. तीनमध्ये ते अक्षर आहे, चारमध्येही आहे. पाचात नाही. आल्या आल्या एकदा काउंटरवरच्या बाईने मला पुन्हा पुन्हा विचारलं, मागे ही रांग. कुणीतरी हसलं. तेव्हापासून दोन किंवा पाच."

तिला हसू फुटणार होतं. ते तिने आवरलं.

"एकटा माणूस पाच पावांचं काय करतोस?"

"संपवतो." त्याने चष्मा डोळ्यांवर चढवला, पण तिच्याकडे पाहिलं नाही. "कामावरही तेच. मान हलवतो, अंगठा दाखवतो. माणसं चांगली आहेत, वाईट नाहीत. पण दिवसभरात बोलतो म्हणशील तर हे तुझ्याशी, एवढंच."



मग तिने खुर्ची टेबलाजवळ ओढली. मोकळे केस मागे घेऊन घट्ट बांधले आणि मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला.

"फोन जवळ घे," ती म्हणाली.

"का?"

"घे म्हणते ना. आता तोंड उघड. एवढंसं नाही, मोठं."

"अगं, काय हे—"

"बोलू नकोस. जीभ वर ने. दातांच्या मागे, टेकवू नकोस. खिडकीकडे वळ जरा, उजेडात. मला तुझी जीभ दिसत नाहीये."