चौथ्या कॅप्टनचे पाय टेकत नाहीत

बसा. पण माझ्यावर नको, माझा डावा हात निखळलाय. त्या थर्माकोलच्या खडकावर बसा, पेलेल तुम्हाला. मी खुर्ची आहे, हे आधीच सांगून टाकते. साधीसुधी नव्हे, बावीस वर्षं मी एका अंतराळयानाच्या कॅप्टनची खुर्ची होते. यान प्लायवूडचं होतं आणि कधीच कुठे गेलं नाही, हा भाग वेगळा. दर आठवड्याला लोक टीव्हीसमोर बसून यान निघालं असं मानायचे. मीही मानायचे.

मला घडवलं सेटवरच्या सुतारकाकांनी. पहिला कॅप्टन ताडमाड उंच, त्याला सगळे लंबू म्हणत. सुतारकाकांनी त्याच्या गुडघ्यापर्यंत माप घेतलं, त्या मापाने माझी बैठक चढवली, वर पत्रा मारला, चंदेरी रंग दिला आणि माझे चारही पाय लाकडी चौथऱ्यात खोल ठोकून टाकले. "आता कॅप्टन बदलतील, ही नाही बदलायची," म्हणाले. मला तेव्हापासूनच जरा शिंगं फुटली.

लंबू सात वर्षं बसला. मग दुसरा आला, पाच वर्षं. मग तिसरा, चांगली दहा. तिघेही उंच. मला वाटायचं, कॅप्टन म्हटला की तो उंचच असतो. आता कळतं, खुर्ची उंच होती म्हणून उंच माणसं शोधत होते.

आमच्या प्रेक्षकांची एक रीत होती. दुसरा आला तेव्हा त्यांनी लिहिलं, लंबूची सर याला नाही. तिसरा आला तेव्हा लिहिलं, दुसऱ्याची सर याला नाही. हेच लोक, त्याच दुसऱ्याबद्दल! आणि पत्राची सुरुवात कायम चुकांनी. दार मागच्या भागात डावीकडे सरकलं, आज उजवीकडे कसं? अवकाशात धूर वर कसा जातो? पत्रवाले काका म्हणून एक गृहस्थ होते, ते ही पत्रं घ्यायचे, मोबाइलवरून आलेला मजकूरही कागदावर छापून घ्यायचे, आणि पहिली ओळ बघून दोन ट्रेमध्ये टाकायचे. एकावर लिहिलं होतं 'तक्रार', दुसऱ्यावर 'कौतुक'. तक्रारीचा ट्रे सुतारकाकांकडे जायचा, ते दार दुरुस्त करायचे. बावीस वर्षं हे बिनबोभाट चाललं.

मग तिसरा गेला आणि चौथी आली. हो, आली. बाई, आणि तीही बुटकी.

शाळेत नाटक शिकवायची नोकरी सोडून ती हे काम करायला आली होती. पहिल्या दिवशी माझ्यावर चढून बसली आणि तिचे पाय जमिनीपासून वीतभर वर लोंबकळत राहिले. दिग्दर्शकाने कपाळाला हात लावला. मला खाली करावं तर पाय चौथऱ्यात, चौथऱ्यात सगळ्या वायरी. शेवटी सुतारकाकांनी तिच्या पायाखाली एक ठोकळा सरकवला आणि कॅमेऱ्याने तिला कमरेच्या वरच बघावं असं ठरलं.

खरं सांगते, मीही तिच्या विरुद्धच होते. दहा वर्षं एका माणसाच्या पाठीची सवय झालेली, आणि ही सारखी पाय झुलवायची. मला वाटलं, काय हा उद्धटपणा! तिच्या पहिल्याच मोठ्या संवादाला मी मुद्दाम करकरले. तीनदा. तिला तीनदा तेच वाक्य म्हणावं लागलं, आणि तिसऱ्यांदा तिचा आवाज कापला. टीव्हीवर तोच तुकडा दाखवला.

आमचे निर्माते, त्यांना सगळे साहेब म्हणत, तिला स्पष्ट बोलले होते. "हे बघा बाई, आठ भाग. लोक काय म्हणतात ते मोजू. पटलात तर पुढे, नाहीतर तिसऱ्याला परत बोलावू." तिसरा कथेत मेला नव्हता, हरवला होता. ज्याला पुन्हा बोलवावं लागेल अशी धाकधूक असते, तो आमच्याकडे हरवतो.

झालं! पत्रांचा पाऊस. एका भागात चुकून ठोकळा दिसला, तर त्यावरच शेकडो पत्रं. पत्रवाले काका जेवणाच्या सुट्टीत मोठ्याने वाचायचे. "अंतराळयानात ठोकळा कशासाठी? चौथ्या कॅप्टनचे पाय टेकत नाहीत, हे आमच्या लक्षात आलेलं आहे." सगळे हसायचे. तीही हसायची, आणि डबा अर्धाच खाऊन बंद करायची. एकाने लिहिलं, यापुढे ही मालिका बघणार नाही. पुढच्या आठवड्यात त्यानेच लिहिलं, कालचा भागही भिकार होता.

घरचंही फार वेगळं नव्हतं. ती माझ्यावर बसून आईला फोन करायची, मला सगळं ऐकू यायचं.

"बघितलंस, आई?"

"बघितलं गं. छान केलंस हो. केस तेवढे बांधत जा."

"बाकी?"

"बाकी छानच. तो आधीचा कुठे गेला पण? गुणी होता."

आठवा भाग दाखवून झाला. काकांनी ट्रे मोजले आणि साहेबांना सांगितलं, नऊशे विरुद्ध, सत्तर बाजूने. साहेब खाली सेटवर आले, तिच्याशी दोन मिनिटं हळू बोलले आणि गेले. ती "बरं" म्हणाली. मग माझ्यावर येऊन बसली, बूट काढले आणि पोटऱ्या चोळत राहिली, कितीतरी वेळ. तेव्हा माझ्या टाळक्यात उजेड पडला. ती पाय झुलवत नव्हती, तिच्या पायांना मुंग्या येत होत्या. ठोकळ्यावर जेमतेम बोटं पोचायची. आठ भाग हे सगळं सोसून ती यान चालवत होती आणि मी वर तिलाच करकरून दाखवत होते. मला माझीच लाज वाटली. पण खुर्चीने माफी मागायची तरी कशी?

दुसऱ्या दिवशी दुपारी शिवणकामाच्या मावशी आल्या. गणवेश शिवण्याचं सगळं काम त्यांचं. तिसऱ्याचा गणवेश पुन्हा तयार ठेवा, असा हुकूम होता. तो या दिवसांत अंगाने सुटला होता म्हणे, तेव्हा नवीन मापाने कापणं आलं. कापड कापायच्या आधी मावशी कागदावर कापून बघायच्या, आणि त्यासाठी रद्दी लागायची. त्यांनी तक्रारीच्या ट्रेमधून मूठभर कागद उचलले, गुडघे दुखतात म्हणून माझ्यावर बसल्या, कात्री काढली आणि चष्मा लावला.

कात्री चाललीच नाही. त्या वाचत बसल्या.

"अहो काका!" त्या ओरडल्या. "इकडे या आधी! हे वाचलंत का?"

"वाचलंय की. दार उलटं सरकलं, असं लिहिलंय."

"ती पहिली ओळ झाली. पुढचं?"

"पुढचं कशाला वाचायचं? दाराची तक्रार, म्हणजे तक्रारीचा ट्रे."

मावशींनी कागद लांब धरून वाचला. "दाराचं तेवढं बघा. आता बाईंबद्दल. सातव्या भागात त्यांनी माघारीचा हुकूम दिला, तेव्हा आमच्या घरात कुणी पाणी प्यायलाही उठलं नाही. माझे सासरे तीन महिने कुणाशी बोलत नव्हते, ते म्हणाले, बरोबर केलं पोरीने." त्यांनी दुसरा कागद घेतला. "धूर वर जातो ही चूक आहेच. पण या बाईंना काढू नका. त्या घाबरतात आणि तरी पुढे जातात, हे मला फार आवडतं."

काकांचा चेहरा पडला. "मला साहेब म्हणाले, मोजून द्या. मी ट्रे मोजले."

"बावीस वर्षं ही माणसं आधी चूक काढतात आणि मग बोलतात, हे तुम्हाला माहीत नाही?"

"माहीत आहे हो," काका अगदी हळू म्हणाले. "पण असं कधी मोजायलाच सांगितलं नव्हतं कुणी."

मग दोघांनी मिळून सगळी पत्रं वाचली, शेवटच्या ओळीपर्यंत. दोन दिवस लागले. मावशी माझ्यावर, काका ठोकळ्यावर. माझा जीव टांगणीला लागला होता. सगळे काही तिच्या बाजूने निघाले नाहीत हं. चारशेवर लोक खरंच विरुद्ध होते, आणि काहींनी असं लिहिलं होतं की मावशींनी ते मनातल्या मनात वाचलं. पण उरलेले तिच्या बाजूने होते, थोडे का होईना, जास्तच.

साहेबांनी आकडे बघितले. "म्हणजे अर्धे शिव्या देतायत, अर्धे डोक्यावर घेतायत," ते म्हणाले, "आणि बघायचं कुणीच सोडलेलं नाही. राहू द्या बाईंना." मग तिच्याकडे वळले. "तुम्हाला काही हवंय?"

तिने क्षणभरही विचार केला नाही. "पाय टेकतील अशी खुर्ची."

हे ऐकून मला काय वाटलं, ते विचारू नका. तोंडात मारल्यासारखं झालं. सुतारकाकांनी स्वतःच्या हाताने मला चौथऱ्यातून उपटलं, त्यातच माझा डावा हात गेला. मला बाहेर नेताना ती जवळ आली आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. "तुझं काही चुकलं नाही गं," म्हणाली. "माप दुसऱ्याचं होतं, एवढंच." माझं काय काय चुकलं होतं, ते तिला माहीत नव्हतं.

आता मी इथे गोदामात असते. भिंतीच्या फटीतून सेटचा एक तुकडा दिसतो, तिथलं बोलणंही ऐकू येतं. परवा तिला नव्या खुर्चीत बघितलं. दोन्ही पाय जमिनीवर ठेवून बसली होती आणि हुकूम देताना अशी ताडकन उभी राहिली, की मलाच वाटलं, यान निघालं.

काकांकडे आता नवी पत्रं येतायत. 'नव्या खुर्चीला जुनीची सर नाही. जुनी परत आणा.' ऐकून सुखावले, खोटं कशाला बोलू? पण तुम्ही तसं लिहू नका. मी तिथे परत गेले, तर तिचे पाय पुन्हा लोंबकळतील.

लिहायचंच असेल तर तिच्याबद्दल लिहा. दाराचं, धुराचं, माझंसुद्धा खाली कुठेतरी लिहा. ती आवडत असेल तर ते पहिल्या ओळीत लिहा.