सुरुवातीला ठीक आहे

दातांचे डॉक्टर तसे समाधानी गृहस्थ होते. दवाखाना बरा चालत होता. बायको पाणीखात्यात इंजिनीअर होती आणि स्वभावानं सरळ होती. घरात बैठकीच्या खोलीत, पुस्तकांच्या कपाटावर, त्यांचा लाडका गाण्याचा सेट होता: करड्या रंगाचा अ‍ॅम्प्लिफायर, साधासुधा सीडी प्लेयर आणि बुटांच्या खोक्याएवढे दोन स्पीकर. दवाखाना उघडला त्या वर्षी दुकानातला सगळ्यात स्वस्त म्हणून घेतलेला. दिवसभर लोकांच्या जबड्यांत डोकावून डॉक्टर संध्याकाळी घरी आले, की बूट काढायच्या आधी गाणं लावायचे आणि मग स्वयंपाकघरात कांदा चिरता चिरता मनसोक्त बेसूर साथ द्यायचे.

विघ्न आलं ते साडूच्या रूपानं.

थोरल्या मेहुणीच्या यजमानांना अख्खं घर ‘कानसेन’ म्हणे. विमा कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होते, पण खरा जीव गाण्याच्या यंत्रांत. एका रविवारी ते जेवायला आले. डॉक्टरांनी हौसेनं आवडतं गाणं लावलं. कानसेनांनी डोळे मिटले, मान किंचित कलती केली, बराच वेळ तशीच ठेवली आणि शेवटी म्हणाले,

“ठीक आहे. सुरुवातीला ठीक आहे.”

बास, एवढंच. पण ते ‘सुरुवातीला’ डॉक्टरांच्या मनात दाढेत अडकलेल्या तंतूसारखं रुतून बसलं. वयाची पन्नाशी उलटली, डोक्यावर केस राहिले नाहीत, आणि अजून आपली सुरुवातच?

आधी नवे स्पीकर आले, छातीएवढे उंच. त्यांना जुना अ‍ॅम्प्लिफायर झेपेना, म्हणून नवा आला. तो उचलायला दोन माणसं लागली. मग प्लेयर बदलला. मग तारा. “तार म्हणजे काय नुसती तार वाटली तुम्हाला, डॉक्टर?” असं कानसेनांनी विचारलं, तेव्हा ‘हो’ म्हणायची डॉक्टरांची छाती झाली नाही. मग खोलीतच आवाज घुमतो असं निघालं, म्हणून जाड गालिचा आणि त्याहून जाड पडदे आले. नालेसाठी घोडं घेतलेली माणसं जगानं पाहिली आहेत. डॉक्टरांनी घोड्यासाठी तबेलासुद्धा बांधला.

जुना सेट सासूबाईंकडे गेला. “पडून राहण्यापेक्षा तुमच्या उपयोगी पडेल,” असं डॉक्टर उदारपणे म्हणाले.

इकडे नव्या सेटनं घराचा ताबा घेतला. तो ऐकायची एकच जागा होती, दोन्ही स्पीकरांच्या नेमक्या समोर ठेवलेली एक खुर्ची. डावीकडे सरकलं तर गायिका डावीकडे पडायची, उजवीकडे झुकलं तर व्हायोलिनवाला अंगावर यायचा. फ्रिजची घरघर आड येते म्हणून डॉक्टर गाण्यापुरता फ्रिज बंद करायचे आणि मग चालू करायला विसरायचे. दोनदा दूध नासलं. बायको चवड्यांवर चालू लागली.

“आपल्या घरात कुणी आजारी आहे का हो?” तिनं एकदा कुजबुजत विचारलं.

“का गं?”

“नाही, मी कुजबुजतेय म्हणून विचारलं.”

आणि एवढं करून ऐकू काय यायचं? सगळं! गायिका श्वास कुठं घेते, वादकाची खुर्ची कधी करकरते, कुणाचा घसा कधी खवखवतो. डॉक्टरांचा पिंडच असा, की तोंड उघडलं की किडका दात आधी दिसायचा. आता गाणं लावलं की तसंच होऊ लागलं. ज्या गाण्यावर त्यांनी पंचवीस वर्षं प्रेम केलं, त्याच्या दुसऱ्या ओळीतला ‘स’ ऐकून ते एक दिवस खुर्चीत ताठ झाले. गायिकेच्या समोरच्या दोन दातांत फट होती! त्यानंतर ते गाणं त्यांना ऐकूच येईना. नुसती फट ऐकू यायची.

अशात एका संध्याकाळी सासूबाईंच्या गुडघ्याचं मलम द्यायला ते सासरी गेले. सासूबाई शाळेत व्यायामाच्या शिक्षिका होत्या. निवृत्त होऊन जमाना झाला, पण गळ्यातली शिट्टी उतरली नव्हती. दार उघडंच होतं. एक स्पीकर फ्रिजवर, दुसरा खिडकीत कुंडीशेजारी, आणि त्यांतून तेच गाणं, तेच! बैठकीत शेजारपाजारच्या सहा-सात बायका ओळीनं उभ्या राहून हात वर-खाली करत होत्या. डॉक्टर उंबऱ्यातच थबकले. दातांची फट कुठल्या कुठे गेली होती. उरलं होतं ते नुसतं गाणं, गुबगुबीत आणि आनंदी. कधी त्यांचा पाय ठेका धरू लागला, त्यांना कळलं नाही.

“जावईबापू, दारात काय उभे? या, मागच्या ओळीत जागा आहे!” सासूबाईंनी शिट्टी वाजवली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर मलम बरोबर लागलं का ते बघायला गेले. तिसऱ्या दिवशी छत्री विसरली होती. मग एकदा सासूबाईंच्या दातांची तपासणी झाली, नंतर सासऱ्यांच्या. पुढं पुढं कारणं संपली, तरी डॉक्टर जात राहिले.

बायकोची सगळी नोकरी जमिनीखालची गळती हुडकण्यात गेलेली. वरून सगळं कोरडं दिसत असलं तरी पाणी कुठं मुरतंय हे तिला बरोबर कळायचं. नवरा रोज उशिरा येतो, येताना शीळ घालतो, आणि वर त्याचं पोट कमी होत चाललंय. ही लक्षणं काही बरी नव्हती. एके संध्याकाळी ती त्याच्या मागोमाग निघाली. तो तिच्याच माहेरच्या जिन्यात शिरला, तेव्हा ती चक्रावली. आत जाऊन बघते तो काय, सात बायकांच्या मागं तिचा नवरा बाह्या दुमडून पायाचे अंगठे धरायला बघत होता.

“अहो!”

डॉक्टर होते तसेच वाकलेले राहिले. तेवढं तोंड चुकवता आलं.

“माझ्या माहेरची एवढी ओढ तुम्हाला कधीपासून? लग्नात तर दुपारीच निघायची घाई झाली होती.”

“अगं, तसं काही नाही. गाणं चांगलं लागतं इथं.”

“घरी एवढा डोंगर उभा केलाय, त्यातून काय भजी तळून निघतात?”

सासूबाईंनी शिट्टी वाजवली. “भांडण नंतर. आधी श्वास सोडा सगळ्यांनी.”

त्या रात्री जेवताना डॉक्टरांनी कबूल केलं. बायको आधी पोट धरून हसली, मग म्हणाली, “मग मागून घ्या की परत. आईच आहे माझी, सावकार नाही.”

पण सासूबाई बधल्या नाहीत. “दिलेलं परत मागायचं नसतं, जावईबापू. आणि माझ्या बायकांनी काय टाळ्यांवर उड्या मारायच्या?”

“मी तुम्हाला नवा देतो ना बदली! याच्यापेक्षा कितीतरी भारी.”

सासूबाई रीतसर ऐकायला आल्या. खुर्चीत बसल्या. डॉक्टरांनी पडदे ओढले. गाणं सुरू झालं आणि सासूबाईंची शिट्टीशी चाळा करणारी बोटं थांबली. गाणं संपलं.

“फार सुंदर आहे हो,” त्या हळूच म्हणाल्या. “बाई अगदी माझ्याशी बोलते आहे असं वाटलं. पण हलायची सोय नाही. मला हलायचंय.” आणि उठून चालू लागल्या.

बातमी कानसेनांपर्यंत पोचली. नवा सेट विकायला निघालाय म्हटल्यावर ते थोरल्या मेहुणीला घेऊन ताबडतोब हजर झाले. हे स्पीकर त्यांना फार दिवसांपासून हवे होते.

“पण मग तुम्ही ऐकणार कशावर?” त्यांनी वरकरणी काळजीनं विचारलं.

“आहे त्यातला साधा शोधतोय,” डॉक्टर म्हणाले.

“अहो, मग आपल्या कपाटातला देऊन टाका ना यांना,” मेहुणी पटकन बोलून गेली. “दुलईत गुंडाळलेला. वर्षानुवर्षं तो घरात जागा अडवतोय, आणि दर रविवारी तुम्ही तो पुसत बसता!”

कानसेनांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. एरवी विम्याच्या अटी घडाघडा सांगणारा माणूस ‘म्हणजे’, ‘तसं नव्हे’, ‘त्याला काय’ यांतच घुटमळू लागला. पण बायकोपुढं कुणाचं चाललंय? दुसऱ्या दिवशी ते एक खोकं कुशीत घेऊन आले, तान्हं मूल आणावं तसं. आत निघाला एक छोटासा अ‍ॅम्प्लिफायर, कोपरा चेपलेला, आणि लाकडी रंग उडालेले दोन स्पीकर. कानसेनांच्या पहिल्या पगारातले.

“चालतो का बघू आधी,” ते पुटपुटले. दोघा साडूंनी गालिच्यावर गुडघे टेकून तारा जोडल्या. गाणं लागलं. कानसेनांनी सवयीनं डोळे मिटले, मान कलती केली. मग मान सरळ झाली. मग ओठ हलू लागले. दुसऱ्या कडव्याला ते गाऊ लागले, आणि तेव्हा डॉक्टरांना कळलं, की एवढ्या वर्षांत हा माणूस आपल्यासमोर एकदाही गायला नव्हता. आवाज भयानक होता, आपल्यापेक्षाही वाईट. दोघं मिळून गायले. दोघी बहिणी दाराशी येऊन उभ्या राहिल्या आणि एकमेकींना कोपरानं ढोसू लागल्या.

गाणं संपलं. कानसेनांनी खाकरून घसा साफ केला, तारा काढल्या आणि सगळं परत खोक्यात भरायला घेतलं.

“हे काय?” डॉक्टर म्हणाले.

“माफ करा, डॉक्टर. हा नाही देता येणार.” त्यांनी खोकं उचललं. “आणि तुमचे ते मोठे स्पीकरही राहू द्या. ठेवायचे कुठं? बैठकीत आता हा लागणार.”

डॉक्टर हात चोळत राहिले, पण रागावले नाहीत. शनिवारी ते बायकोसोबत दुकानात गेले. मोठा सेट दुकानदार परत घ्यायला तयार झाला, आणि डॉक्टरांनी खालच्या फळीवरच्या सगळ्यात साध्या सेटकडं बोट दाखवलं.

“मुलासाठी का, डॉक्टर?”

“माझ्यासाठी.”

“ऐका माझं, तुमच्यासारख्यांनी थोडे अजून घातले तर—”

“बांधा,” बायको म्हणाली.

नवा सेट काही हुबेहूब जुन्यासारखा वाजला नाही. वरचे सूर जरा तिखट होते, आणि डावा स्पीकर उगाच जास्त उत्साही. डॉक्टरांनी बटण थोडं मागे फिरवलं, थोडं पुढे केलं, कान लावला, आणि पुन्हा बटणाकडे हात नेणार तोच बायकोनं तो धरला आणि त्यांना खोलीच्या मध्यभागी ओढलं.

“पुरे. यंत्राशी बोलून झालं असेल तर माझ्याशी नाचा.”

“मला नाचता कुठं येतं?”

“आईकडे तर छान उड्या मारत होतात.”

तिनं गाण्याचा आवाज वाढवला. डॉक्टरांनी तिच्या पायावर पाय दिला, ती ओरडली, आणि वरच्या मजल्यावरच्या म्हातारबुवांनी काठीनं फरशी ठोकली. ठोकली, पण बरोबर तालात.