शाकाहारी पातेलं

रेवदंड्याच्या नाक्यावर माझं हॉटेल आहे. चार टेबलं, आणि मिळतं काय, तर सूप-नूडल्स आणि कांजी. कांजी म्हणजे आपली पेजच हो, वरून आलं नि कांद्याची पात. पण पाटीवर 'पेज' लिहिलं असतं तर कुत्रं फिरकलं नसतं.

पातेली दोन. एकात भाज्यांचं पाणी, दुसऱ्यात कोलंबीच्या डोक्यांचं. भाज्यांच्या पातेल्याची पळी वेगळी, फडकंसुद्धा वेगळं, कारण माझे बाबा त्यातलं खातात. जन्म होडीवर गेलेला माणूस, पण लहानपणी मी काविळीनं मरायला टेकले तेव्हा त्यांनी तुळशीची माळ घातली नि मासळी सोडली. कोळ्यानं मासळी सोडायची म्हणजे चेष्टा नाही. मी जगले. आता त्यांना दात नाहीत, म्हणून रोज दुपारी येऊन कोपऱ्यात वाटीभर कांजी खातात.

काल रविवार, मरणाची गर्दी. बाबांची वाटी भरली आणि भाज्यांचं पाणी संपलं. तेवढ्यात मुंबईची एक बाई, शाकाहारी कांजी हवी म्हणाली. नाही म्हणायला माझी जीभ रेटेना. मी दुसऱ्या पातेल्यातलं पाणी ओतलं. म्हटलं, आलं ढीगभर घालू, हिला काय कळतंय.

तिनं चमचा नाकाशी नेला. "ताई, मासळीचा वास येतोय."

चोर तो चोर, वर शिरजोर. मी फणकारले, "काहीतरीच काय! ते बघा माझे वडील, माळकरी आहेत. रोज ह्याच पातेल्यातलं खातात. मी त्यांना बाटवीन का?"

सगळी टेबलं वळून बघायला लागली. बाई शांतपणे म्हणाली, "मग आजोबांनीच सांगावं." आणि तिनं वाडगा त्यांच्यापुढे ठेवला.

बाबांनी वाडगा उचलला आणि मध्येच थांबले. त्यांना कळलं होतं. कोलंबी त्यांना कळणार नाही तर कोणाला? त्यांनी माझ्याकडे पाहिलं. 'बाबा, खाऊ नका,' एवढंच म्हणायचं होतं मला. गिऱ्हाइकांसमोर नाक जाईल म्हणून मी गप्प उभी राहिले. नुसती गप्प नाही, डोळ्यांनी विनवलंसुद्धा त्यांना. आता सांगताना जीव शरमेनं अर्धा होतो.

बाबांनी एक चमचा खाल्ला. गिळला.

"शाकाहारी हाय," ते म्हणाले. "खा बाय, निवंल."

बाईनं माफी मागितली. सगळा वाडगा संपवला. जाताना बाबांच्या पाया पडली, तेव्हा मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. दोघांना एकाच चमच्यानं बाटवलं होतं मी.

गर्दी सरली. बाबा नळावर गेले, हात धुतले, चूळ काही भरली नाही. मग मोरीपाशी उभं राहून त्यांनी माळ गळ्यातून काढली. काढताना ती कानात अडकली. सोडवायला मी पुढे झाले तर त्यांनी माझा हात बाजूला केला.

"बाबा, चुकले मी. मला बोला काहीतरी."

शाकाहारी पळीचा खिळा भिंतीला होता, त्यावर त्यांनी माळ टांगली आणि टोपी घातली.

"उद्यापास्न येगली पली नको ठेवूस," ते म्हणाले. "मना कंच्याबी पातेल्यातलं चालंल."