हिरव्या गिटारची वाजवी किंमत

ताईच्या बँडमध्ये गिटारची जागा भाऊजींना मिळाली. तिच्या धाकट्या भावाला, तराजूला, मिळाली नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे नंतर कुणी उगाच आशा लावून बसायला नको. आणि आता आपण असं धरून चालू की हे घडलंच नाही. तराजूही तसंच धरून चालतो. परवाच त्याने दुकानात एका गिटारच्या खुंट्या पिळून पाहिल्या आणि म्हणाला, "बँडसाठी बघतोय. घाई नाही."

तर काहीच घडलेलं नाही. ताई गाते, तिच्या डाव्या हाताला तिचा धाकटा भाऊ साधी लाकडी गिटार वाजवतो आणि मागे टायरवाला ड्रम बडवतो. टायरवाल्याचं टायरचं दुकान आहे. सराव त्याच्याच गोदामात चालतो, थप्प्यांच्या मधल्या बोळकांडीत, त्यामुळे ताईच्या सगळ्या विरहगीतांना रबराचा वास आहे.

धाकट्या भावाला सगळे तराजू म्हणत, कारण तोलून पाहिल्याशिवाय तो काही घेत नसे. एकदा त्याने चपला घ्यायचं मनावर घेतलं आणि बाजाराचा इतका सखोल अभ्यास केला की तेवढ्यात त्याच्या जुन्या चपलांची फॅशन जाऊन परतही आली. "बघा," तो म्हणाला, "थांबलो म्हणून वाचलो." चपलांना तोवर भोकं पडली होती, पण भोकांचा हिशेब वेगळा.

पोटासाठी तो कवळ्या बनवायचा. दातांचे डॉक्टर हिरड्यांचा ठसा पाठवत. तराजू त्यावर गुलाबी मेणाच्या हिरड्या घडवी, त्यात एकेक दात बसवी, बारीक ड्रिलने कोपरे मारी आणि रबरी चाकावर चकाकी आणी. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात. तराजूचं भरत होतं, फक्त दात दुसऱ्याचे होते.

अडचण सुरू झाली ती एका हॉटेलाने नवा हॉल काढला तेव्हा. दर शनिवारी संध्याकाळी तिथे गाणी हवी होती. मॅनेजर गोदामात येऊन सगळा सराव ऐकून गेला. जाताना त्याने तराजूकडे बोट दाखवलं.

"हे कोण? हे काय करतात?"

तराजू मघापासून सातही गाण्यांत वाजवत होता.

"ड्रमपुढे ऐकू येत नाही रे तुझी गिटार," मॅनेजर गेल्यावर ताई म्हणाली. "इलेक्ट्रिक घे. हॉल उघडायच्या आत घे. जागा तुझीच आहे, पण जागेवर आवाज पाहिजे ना?"

"बाजार बघतोच आहे."

"बघू नकोस. घे."

"अगं, पहिली दिसली ती घ्यायला ते काय लग्न आहे?"

ताईचं लग्न नुकतंच झालं होतं आणि तिला पहिलं दिसलेलं स्थळच पसंत पडलं होतं. टायरवाल्याने घाईघाईने झांज पुसायला घेतली.

हे इथे नीट ध्यानात घ्यायला हवं, की तराजूला गिटारचं वेड नव्हतं. त्याला ताईच्या डाव्या हाताची जागा हवी होती. ताई ओळ संपवताना शेवटचं अक्षर थोडं ओढते, मग श्वास घेते, आणि त्या श्वासाच्या पोकळीत नेमकी तार छेडायची, हे जगात एकट्या त्याला जमत होतं. लहानपणी दोघं एका खाटेवर झोपत. ताईचा श्वास त्याला पाढ्यांच्या आधीपासून पाठ होता. बाकी सगळ्या बाबतीत तो अगदी सामान्य वादक होता, आणि हे तो स्वतःच न विचारता सांगत असे.

वाद्यांचं दुकान त्याच्या कामाच्या रस्त्यावरच होतं. पुढे काचेत नव्या गिटारी, मागे भिंतीला टेकवलेल्या जुन्या. दुकानदार स्टुलावर बसून गिऱ्हाइकाकडे असं बघे, जणू गिऱ्हाईकच विकायला ठेवलं आहे. मागच्या रांगेत, एका फाटक्या ढोलाच्या आड, तराजूला ती दिसली. हिरवी. दवाखान्याच्या भिंतीला देतात तो हिरवा. किंमत इतकी कमी की विचारायलाही लाज वाटावी.

त्याने ती डोळ्याशी धरून दांडीवरून नजर टाकली. दांडी सरळ होती. लाकूड जुनं, मुरलेलं. तारांचा आवाज पकडणारं पिकअप अस्सल. दोष होते, पण वरवरचे: एक तार डासासारखी गुणगुणत होती, आवाजाचं बटण फिरवलं की तव्यावर पाणी पडल्यासारखी चुरचुर व्हायची आणि खुंट्या घसरायच्या. मोजक्या पैशात एवढं वाद्य कुठे मिळणार नव्हतं. दुसरा कुणी असता तर त्याने पाकीट काढलं असतं.

तराजूने खिशातून ड्रिल काढलं.

"जरा तपासून बघतो," तो म्हणाला. "डास जातो का ते पाहू. गेला तर घेतो."

दुकानदाराने हरकत घेतली नाही. तराजूने तारा सैल केल्या, दांडीवरच्या फ्रेटच्या पट्ट्यांपैकी उंच राहिलेली एक हेरली आणि दाढेचा कोपरा मारावा तशी ती घासली. वर कवळ्यांना लावतात तो चकाकीचा लेप लावला. डास मेला. गिटारला पुदिन्याचा मंद वास यायला लागला.

"आता एक रविवार जाऊ देतो," तराजू म्हणाला. "परत गुणगुणली तर?"

रविवार गेला. गुणगुणली नाही. किमतीची चिठ्ठी मात्र बदलली होती.

"ही वाढली कशी?"

"आता ती वाजते ना," दुकानदार म्हणाला.

"मीच वाजती केली!"

"म्हणूनच तर सांगतो, माल चांगला आहे. तुमच्याइतकं कुणाला माहीत?"

यात खोट काढता येईना. तराजूने मनातल्या मनात वजन केलं: किंमत चढली, पण गुणही चढला, पारडं अजून गिटारच्याच बाजूला झुकत होतं. घ्यायला हरकत नव्हती. फक्त ती चुरचुर जाते का, एवढं पाहायला हवं होतं. न जाणारी असली तर? डोळे झाकून घेणाऱ्यातला तो नव्हता. त्याने मागचं झाकण उघडलं, वायरीचा जुना टाका वितळवून नवा घातला. चुरचुर गेली. चिठ्ठी बदलली. मग खुंट्या. मग चिठ्ठी.

गोदामात ताई विचारायची, "घेतलीस का?"

"एक शंका राहिली आहे."

"कसली?"

"तेच शोधतोय."

"तिला सोन्याचे दात बसवतोयस का रे?" टायरवाला म्हणायचा. तराजू हसायचा नाही. हिऱ्याला पैलू पडत होते आणि त्याला ते दिसत होते. रविवारी दुकानाच्या मागच्या खोलीत तो ती हिरवी मांडीवर घेऊन ताईची गाणी वाजवायचा, तोंडाने ताईचे श्वासही घ्यायचा. पलीकडच्या केशकर्तनालयातले लोक कात्री थांबवून ऐकायचे. एवढं चांगलं त्याने पूर्वी कधीच वाजवलं नव्हतं.

आणि मग एका रविवारी गिटारमध्ये काहीच दोष उरला नाही. तराजूने चिठ्ठी पाहिली. काचेतल्या नव्या गिटारीइतकी किंमत.

"ही आता परवडत नाही," तो म्हणाला.

"पैसे कमी पडतायत?"

"पैसे आहेत. पण या किमतीला ही फायद्याची नाही. फायदा होता तो मघाशी होता."

दुकानदाराने स्टुलावरून उठून, प्रथमच, त्याला चहा विचारला. "बरोबर बोललात. तुमच्यासारखं गिऱ्हाईक नशिबाने मिळतं. ती शेजारची लाल बघा, स्वस्तात देतो. जरा खरखरते."

तराजूने लाल गिटार डोळ्याशी धरली.

आता भाऊजी, म्हणजे ताईचा नवरा. भाऊजी लिफ्ट दुरुस्त करत. स्वभावाने मोकळे, सढळ, कुणाचंही ओझं उचलणारे; त्यांच्यावर रागवायला फार कष्ट पडत, आणि तराजूने पुढे ते सगळे घेतले. हॉल उघडायला थोडे दिवस उरले असताना ते जेवता जेवता म्हणाले, "मीही कॉलेजात वाजवायचो थोडं. चार सूर येतात. ही म्हणते, तात्पुरता उभा राहा. काय मेहुणेबुवा, कुठली गिटार घेऊ?"

प्रश्न ऐकला आणि तराजूतला सल्लागार जागा झाला. कुणी सल्ला विचारला की त्याला राहवत नसे. त्याने ताट बाजूला सारलं आणि लाकूड, पिकअप, दांडी, खुंट्या, नवं विरुद्ध जुनं, सगळं उलगडून सांगितलं. आईने वाढलेलं दोनदा गार झालं.

"एवढं मला कळत नाही," भाऊजी म्हणाले. "चांगली कुठली, ते एका शब्दात सांग."

"एका शब्दात, हिरवी. पण तुम्ही ती घेऊ नका. आता फायद्यात पडत नाही."

"पण चांगली आहे?"

तराजूने खोटं बोलायला तोंड उघडलं. मोजमापाच्या बाबतीत त्याला खोटं बोलता येत नसे; तोंडातलं माप चुकलं की कवळी बसत नाही.

"तिच्यासारखी दुसरी नाही," तो म्हणाला.

भाऊजी दुसऱ्या दिवशी दोन लिफ्टांच्या दुरुस्तीच्या मध्ये दुकानात गेले, हिरवी मागितली, चिठ्ठीवरचा आकडा वाचला आणि दिला. घासाघीससुद्धा केली नाही. पट्टा फुकट मिळाला.

संध्याकाळी तराजू गोदामात आला तेव्हा भाऊजी टायरांच्या थप्पीवर बसून तारा छेडत होते. हवेत पुदिना होता. तराजूने ताईला बाहेर बोलावलं.

"ती माझी आहे."

"तू घेतलीस का?"

"तिचं सगळं काम मी केलंय. डास मी मारला. टाका मी घातला. ती जी वाजतेय ना ताई, ती मी आहे."

"मग घेतली का नाहीस, शहाण्या?"

"माझंच काम मी पैसे मोजून विकत घेऊ?"

ताई त्याच्याकडे बघत राहिली. लहानपणी तो पडला की ती अशी बघायची, रडू येतंय की नाही हे त्यानेच ठरवावं म्हणून.

"अरे, सगळं जग तेच करतं," ती म्हणाली. "मी किती वेळा विचारलं तुला? मला गिटार नको होती, बाळा. तू उभा राहायला हवा होतास. कुठलीही चालली असती. ती काचेतली भिकार गुलाबीसुद्धा चालली असती."

"गुलाबीची दांडी वाकडी आहे."

"हो," ताई म्हणाली. "असेल." आणि आत गेली.

त्या सरावात भाऊजी पहिल्याच गाण्यात तिच्या श्वासाच्या आधी घुसले. ताई अडखळली. तराजू दारात उभा होता. त्याला इतका आनंद झाला की त्याने चेहरा टायरांमागे लपवला. दुसऱ्यांदाही घुसले. तिसऱ्यांदा ताईने शेवटचं अक्षर ओढलंच नाही. जिथे भाऊजींचा सूर पडत होता तिथेच तिने श्वास घ्यायला सुरुवात केली. गाणं छान बसलं. टायरवाल्याने मान डोलावली. आयत्या बिळात नागोबा, असं तराजू स्वतःशी पुटपुटला, पण नागोबासाठी कुणी बिळाचा आकार बदलून देतं, हे त्याला माहीत नव्हतं.

हॉल उघडला. खुर्च्या भरल्या. तराजूला वायरी गुंडाळायचं काम मिळालं होतं, कारण वायरींमधलं त्याला कळतं असं भाऊजींनी मॅनेजरला कौतुकाने सांगितलं होतं. भाऊजींनी चार सूर वाजवले, तेच चार, सगळ्या गाण्यांना, आणि ते चार सूर असे तुपासारखे ओघळले की लोक एकमेकांकडे पाहून भुवया उंचावू लागले. पहिल्या रांगेतले एक म्हातारे गृहस्थ बत्तीशी दाखवत टाळ्या पिटत होते. बत्तीशी तराजूने ओळखली. वरचा डावा सुळा बसवायला त्याला तीन दिवस लागले होते. गृहस्थ भाऊजींकडे बघून हसत होते.

शेवटच्या गाण्याला लोक उभे राहिले. ताईने हात पसरून भाऊजींकडे निर्देश केला, मग मागे टायरवाल्याकडे. मग तिचा डावा हात सवयीने बाजूला गेला, हवेत जरा घुटमळला आणि तिने त्याच हाताने केस सारखे केले.

मॅनेजर घाईघाईने तराजूपाशी आला. "एवढी सूचना सांगा हो माइकवरून. एका पांढऱ्या गाडीने फाटक अडवलंय."

तराजूने वायरींचं वेटोळं खांद्यावर अडकवलं आणि माइक हातात घेतला. टाळ्या विरत आल्या होत्या. लोक पिशव्या शोधत होते. भाऊजी त्याला बघून मनापासून हात हलवत होते.

"कृपया इकडे लक्ष द्या," तराजू म्हणाला. "फाटकासमोरची पांढरी गाडी मालकाने त्वरित हलवावी. तसेच, उपस्थित सर्व श्रोत्यांना या सूचनेद्वारे कळवण्यात येते की, आत्ता वाजवण्यात आलेल्या टाळ्यांचं वाटप चुकीच्या पद्धतीने झालं आहे. त्यातल्या ज्या टाळ्या गायिकेच्या गळ्यासाठी होत्या, त्या कायम ठेवाव्यात. ज्या वादकाच्या बोटांसाठी होत्या, त्याही ठेवाव्यात. त्या फार नसाव्यात. परंतु ज्या टाळ्या गिटारच्या आवाजासाठी वाजवल्या गेल्या, त्या संबंधितांनी आपापल्या हातांत परत घ्याव्यात, आणि हॉल सोडण्यापूर्वी, जागेवर बसून, उजव्या कोपऱ्यातल्या वायरींच्या दिशेने तोंड करून त्या पुन्हा नव्याने वाजवाव्यात, ही नम्र विनंती."