स्त्रातिसचा रबरी कोट

स्त्रातिसला पुरून तीन वर्षं झाली, म्हणून मे महिन्यातल्या एका शनिवारी सकाळी आम्ही त्याला बाहेर काढायला जमलो. आमच्याकडे जमीन थोडी आणि मेलेले फार. तीन वर्षांनी हाडं काढायची, वाईनने धुवायची आणि पेटीत भरून चर्चमागच्या अस्थिघरात ठेवायची. त्याच्या बायकोने, एव्हान्थियाने, लाकडी पेटी आणली होती. पेटीवर त्याचं नाव तिने माझ्याकडूनच लिहून घेतलं होतं.

"पांढरीशुभ्र निघतील बघा, मास्तर," ती म्हणाली. "सासूबाईंच्या पेटीशेजारची जागा कालच झाडून आले."

हाडं पांढरी निघाली तर माणूस चांगला. मातीने देह घेतलाच नाही तर तो शापित. गाव हे मानतं. मी इथल्या शाळेत चाळीस वर्षं शिकवलं, पण हे काही कुणाच्या डोक्यातून काढता आलं नाही. खरं सांगायचं तर मी तसा प्रयत्नही केला नाही.

स्त्रातिस विसाव्या वर्षी कोरियाच्या लढाईवर गेला आणि उजव्या पायाची दोन बोटं तिथल्या बर्फात ठेवून आला. मग अठ्ठावीस वर्षं मालवाहू जहाजांवर. योकोहामा, ब्वेनोस आयरेस, अँटवर्प. एव्हान्थियाला लिहिता येत नसे, तिची पत्रं मी लिहायचो. दर ईस्टरला ती तिन्ही मुलींना भिंतीशी उभं करून त्यांच्या उंचीएवढे दोरे कापायची आणि पत्रासोबत पाठवायची. ते दोरे स्त्रातिसच्या केबिनमध्ये खिळ्याला टांगलेले असत. त्याला पुरलं त्या दिवशी मी भाषणात हे सांगितलं, तेव्हा बायका रडल्या होत्या. तासूला नावाची शेजारची म्हातारी मात्र बाहेर येऊन म्हणाली होती, "दोऱ्यांचं सांगितलंत. त्या केबिनमध्ये आणखी कोण कोण येऊन गेलं, ते कोण सांगणार?"

गावच्या कबरी खणणारा लाम्ब्रोस माती उपसत होता. कमरेइतका खड्डा झाल्यावर तो थांबला आणि पाद्र्याकडे बघून म्हणाला, "फादर, जरा बघता का."

कवटी मोकळी झाली होती. पण गळ्याखाली, सुटाच्या चिंध्यांखाली, सगळं तसंच होतं. काळं, ओलं, भरलेलं.

तासूलाने छातीवर क्रूस काढला. "मातीने घेतला नाही गं बाई. परदेशातलं काहीतरी अंगावर घेऊन आला होता."

एव्हान्थिया खड्ड्याच्या काठाशी गुडघ्यांवर बसली. जेवताना नवऱ्याला विचारावं तशा आवाजात तिने विचारलं, "कोण होती रे ती? पन्नास वर्षं मी कुणाला बोलू दिलं नाही. आता तूच सांग."

मला माहीत होतं ते काय आहे. मरायच्या आधीच्या हिवाळ्यात तो मला म्हणाला होता, "मास्तरा, मरायला मी भीत नाही. थंडीला भितो. माझा जहाजावरचा रबरी कोट आणि विजार सुटाच्या आत घाल. हिला सांगू नकोस, हसेल." बायका स्वयंपाकघरात मेलेल्याच्या नावाचे गहू उकडत होत्या, तेव्हा मी ते घातलं. इतकी पुस्तकं वाचली, पण माती आत शिरायला हवी एवढं मला सुचलं नाही.

बोललो तर गावभर माझं हसं होणार होतं, आणि तिच्याशी तीन वर्षं लपवाछपवी केली हेही उघड होणार होतं. मी पेटीवरच्या माझ्या अक्षराकडे बघत राहिलो. ती अजून त्याच्या उत्तराची वाट बघत होती.

"कोट आहे तो," मी म्हणालो.

"मोठ्याने बोला की, मास्तर," लाम्ब्रोस म्हणाला.

"रबराचा कोट. मी घातला. त्याला थंडी वाजू नये म्हणून."

"पुस्तकं वाचून हेच शिकलात?" तासूला म्हणाली. कुणी हसलं नाही.

पाद्री म्हणाला, "तो काढून पुन्हा पुरावं लागेल. आणखी तीन वर्षं."

"मी अठ्ठ्याहत्तरची आहे, फादर," एव्हान्थिया म्हणाली. मग तिने माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही घातलात. तुम्हीच काढा."

लाम्ब्रोसने हात दिला आणि मी खाली उतरलो. मेंढ्यांची लोकर कातरायच्या कात्रीने गळ्यापासून रबर कापत गेलो. त्या वासाबद्दल लिहीत नाही. त्याला दिलेला शब्द मी कापत होतो, एवढंच मला कळत होतं. विजार उसवून पायांपाशी आलो तर तिथे करड्या लोकरीचे मोजे निघाले. उजवा मोजा पुढे अरुंद विणलेला, तीनच बोटांपुरता.

"ते मी चढवले होते," वरून एव्हान्थिया म्हणाली. "त्या सकाळी, तुम्ही यायच्या आधी."

मी मोज्याला कात्री लावली.

"राहू देत. लोकर आहे. माती खाईल तिला."

आम्ही माती लोटली. पेटी रिकामीच परत गेली. वाटेत तासूला कुणाला तरी सांगत होती, "कोट असेल हो. पण नुसत्या कोटाने असं होतं का कधी?" एव्हान्थियाने ते ऐकलं. माझ्याशी ती त्यानंतर फार बोलली नाही. दुसऱ्या हिवाळ्यात ती गेली. तिला साध्या सुती कपड्यात पुरलं.

या मे महिन्यात स्त्रातिसची तीन वर्षं पुन्हा पूर्ण होतील. हाडं धुणं बायकांचं काम, पण मुली मेलबर्नला आहेत, तेव्हा मलाच धुवावी लागणार. पेटी माझ्याकडे आहे, वाईनही आणून ठेवली आहे. तासूला रोज दारावरून जाताना विचारते, "काय मास्तर, काळी निघाली तर काय सांगणार?"

मी अजून काही ठरवलेलं नाही.